उजवीकडचा खिसा

लिफ्ट अडकली ती नेमकी दोन मजल्यांच्या मधोमध, आणि आत ती एकटीच. एकटी तरी कसं म्हणायचं... तिच्या पायांशी चेहऱ्यांची रास होती. काचेत बसवलेले, तिने स्वतः काढलेले फोटो. प्रदर्शन दुपारी उघडायचं होतं, भिंती अजून रिकाम्या होत्या आणि वर आत्या खुर्च्या मांडता मांडता घड्याळाकडे बघत असणार. तिने सगळी बटणं दाबून पाहिली, दारावर थापा मारल्या आणि शेवटी लाज सोडून हाक मारली.

"आत कोणी आहे का?" वरून एका पुरुषाचा आवाज आला.

"नाही. लिफ्ट स्वतःच ओरडतेय."

घाबरली की तिची जीभ जास्तच चालायची. हे आत्याला ठाऊक होतं, त्या आवाजाला कुठून ठाऊक असणार... तो हसला मात्र. काहीतरी खडखडलं, वरच्या मजल्याचं दार सरकलं आणि तिच्या डोक्यावर हातभर उजेडाची फट उघडली. त्या फटीत आधी दोन बूट दिसले, मग गुडघे, आणि मग जमिनीवर पालथं पडून आत डोकावणारा एक चेहरा.

"मी लिफ्टवाला," चेहरा म्हणाला. "घाबरू नका, ही पडत नसते. फार तर रुसते. हात द्या, वर ओढून घेतो."

"आधी हे घ्या."

"हे काय?"

"फोटो. काच आहे, जपून."

"बाई, लोक आधी स्वतःचा जीव वाचवतात."

"मग हेही जीवच आहेत," ती म्हणाली आणि पहिली चौकट वर उचलून धरली.

त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, पाळण्यातलं मूल घ्यावं तशी, आणि मागे भिंतीला टेकवून ठेवली. मग दुसरी घेतली, मग तिसरी. प्रत्येक चौकट ठेवताना तो तिच्यावर एक नजर टाकत होता. एक म्हातारी, केसांना नीट भांग पाडलेली. एक पोरसवदा मुलगी, ओठ घट्ट मिटलेली. मग एक दाढीवाला माणूस आला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला. ती चौकट त्याने घेतली आणि तसाच थांबला.

"जड आहे का?" तिने खालून विचारलं.

फटीतून तिला फक्त त्याचे हात दिसत होते, चौकट घट्ट धरलेले. मग तो हळूच म्हणाला, "हा कोण आहे?"

"माहीत नाही. म्हणूनच तर फोटो काढला."

वर त्याने चौकट उजेडात नेली असावी, मग पुन्हा परत आणली असावी. शेवटी त्याचा आवाज आला, अगदी कोरडा. "नाही. वण उजव्या भुवईवर आहे. दादाचा डाव्या भुवईवर होता."

मग त्याने हात खाली सोडला आणि तिला वर ओढून घेतलं. तिचा हात त्याच्या हातात गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ राहिला. त्याचं त्याला भानच नव्हतं, हे तिला कळलं, आणि तरीही तिने तो लगेच सोडवून घेतला नाही.

वडील गेल्यावर वाट्याला आलेला मोठा बंगला तिने देऊन टाकला होता. ज्यांना स्वतःचा पत्ता सांगता येत नाही अशा माणसांसाठी. कोणी स्टेशनात सापडलेलं, कोणी हायवेच्या कडेला, कोणाची आठवण गेलेली तर कोणाची वाचा. नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं. एकटी आत्या तिच्या बाजूने उभी राहिली, आणि मग दोघी मिळून गॅलरीमागच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. बंगल्यातल्या माणसांना आंघोळ घालून, केस विंचरून, त्यांनी मान डोलावली तरच ती त्यांचे फोटो काढायची. कपाटात इस्त्रीचे काही शर्ट खास त्यासाठी ठेवलेले होते. केविलवाणा फोटो तिला चालत नसे. घरच्यांनी ओळखायचं असेल तर माणूस घरातल्यासारखा दिसला पाहिजे, असं तिचं म्हणणं. प्रदर्शनातून बंगल्याचा खर्च निघायचा आणि कधीमधी, फार क्वचित, एखाद्या चौकटीसमोर कोणीतरी मटकन खाली बसायचं. त्या एका क्षणासाठी ती बाकी सगळं करायची. फिल्मवर फोटो काढायची, बाथरूममध्ये अंधार करून स्वतःच्या हाताने छापायची. घरात दोन बायका आणि एकुलतं एक बाथरूम, आणि त्यात फोटोच्या औषधांच्या बाटल्या, आत्या सगळ्यांना सांगायची. तक्रार करताना तिच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नसे.

लिफ्ट त्याच दिवशी दुरुस्त झाली. तरी लिफ्टवाला दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

"आवाज बरोबर वाटत नाही तिचा," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याला दारं तपासायची होती. मग दोरखंडाला तेल द्यायचं राहिलं होतं.

"लिफ्टचा आवाज ठणठणीत आहे," आत्या त्याच्यासमोरच म्हणाली. "ह्याच्या छातीतला तपासून घ्या कोणीतरी."

तो कानापर्यंत लाल झाला. हिनेही उगाचच एका सरळ टांगलेल्या चौकटीला पुन्हा सरळ केलं. संध्याकाळी गॅलरी बंद करताना दोघं जिन्याच्या पायरीवर बसून चहा प्यायला लागली. लिफ्ट असताना जिन्यात कशाला बसता, असं आत्याने विचारलं नाही. ती तेवढी समजूतदार होती.

त्या पायरीवरच त्याने दादाची गोष्ट सांगितली. लहानपणी अंगणात झोपाळा होता. दादा बसायचा, हा मागून ढकलायचा. एकदा इतक्या जोराने ढकललं की दादा तोंडावर आपटला आणि डावी भुवई फाटली. "तेव्हापासून माझं नाव पडलं ढकल्या," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणा मोठ्या भावाने मला हाणलं असतं. त्याने फक्त नाव ठेवलं."

मोठेपणी दादाच्या डोक्यात काहीतरी बिनसलं. विसरायला लागला, वाटेत थबकायला लागला. एका सकाळी त्याच्या लक्षातून गॅसवरचं दूध गेलं आणि उतू गेलं. आई ओरडली. 'दुसरं आणतो,' म्हणाला आणि पिशवी घेऊन बाहेर पडला.

"गेला तो गेलाच." त्याने कप खाली ठेवला. "त्या दिवसापासून आईने कोणावर आवाज चढवलेला नाही. घरात इतकी शांतता असते ना... कधीकधी मी मुद्दाम काहीतरी सांडतो. तरी बोलत नाही."

तिला त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला. तिने तो ठेवलाही. आणि तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं, पण तिने तोंड उघडलं.

"तो फोटोतला... मौनी म्हणतात त्याला बंगल्यावर, बोलत नाही म्हणून. एकदा समोर येऊन बघा तरी."

त्याने हात काढून घेतला.

"वण उजवीकडे आहे."

"फोटोत आपल्याला उलटं—"

"उलटं वाटतं, माहीत आहे मला. म्हणून त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो, तो जसा बसलाय तसा. आणि मग माझ्या भुवईला हात लावला. उजवीकडेच येतो." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्हाला वाटतं मी बघितलं नसेल? असे चेहरे खूप बघितलेत मी. दोन वेळा आईलाही घेऊन गेलो. दुसऱ्यांदा ती परत येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून एवढंच म्हणाली, आता नको रे नेऊस. तेव्हापासून ठरवलंय. वण जुळला नाही तर पाऊल उचलायचं नाही."

"पण या रविवारी त्याला दूरच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवतायत. तिथे उपचार आहेत, आमच्याकडे नाहीत. घरचं कोणी आलं नाही म्हणून मीच सही केलीय. मग मात्र—"

"मग चांगलंच आहे. बरा होईल बिचारा."

तो उठला आणि जिना उतरून गेला. लिफ्टकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. पुढचे काही दिवस लिफ्ट ठणठणीत चालत राहिली, इतकी की तिला तिचा रागच यायला लागला. आत्या रोज विचारायची, "आज आवाज करते का ग ती?" आणि ही बाथरूममध्ये जाऊन दार लावून घ्यायची.

शनिवारी दुपारी तो आला. हातात हेल्मेट, शर्ट मात्र नवा, घडीच्या खुणा अजून न मोडलेला.

"माझा फोटो काढा," तो म्हणाला. "हरवलो तर शोधायला बरा."

"मी हरवलेल्या माणसांचेच काढते."

"मग मी बसतो त्यात."

तिने हसू दाबलं. त्याला तिने लिफ्टच्या दारात उभं केलं, कारण तिथे बाजूच्या खिडकीचा उजेड येत होता. त्याची कॉलर वाकडी होती. ती नीट करायला ती पुढे झाली. तिची बोटं त्याच्या मानेला लागली आणि दोघंही श्वास घ्यायचं विसरली. खिशातलं पेन तिने काढायला हात नेला, तर तो म्हणाला, "राहू दे. पेनशिवाय मला मीच ओळखणार नाही."

"हलू नका."

"हलवता तुम्हीच."

ती चटकन मागे झाली आणि कॅमेऱ्यामागे लपली. तेवढ्यात त्याने विचारलं, अगदी साधेपणाने, "फोटो खोटं नाही ना बोलत?"

"माझे नाही बोलत," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

रविवारी सकाळी आत्या आंघोळ आटोपून बाहेर आल्याबरोबर तिने बाथरूम ताब्यात घेतलं. खिडकीला काळा पडदा, डोक्यावर लाल दिवा. त्याची निगेटिव्ह कालच धुऊन वाळत घातली होती. ती तिने यंत्रात बसवली, कागदावर उजेड पाडला आणि मग कागद पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात बुडवून बघत उभी राहिली. या वेळची तिला सगळ्यांत जास्त गोडी होती. पांढऱ्या कागदावर आधी केस उमटले, मग डोळे, मग ते ओठ, काहीतरी बोलायच्या बेतात असलेले. तिला एकटीलाच लाज वाटली.

मग खिसा उमटला, पेनासकट. छातीच्या उजव्या बाजूला.

ती क्षणभर गोंधळली, मग स्वतःवर हसली. फिल्मची एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद. मंद बाजू खाली ठेवायची, नाहीतर माणूस कागदावर उलटा छापला जातो, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. नवशिके करतात ही चूक. आज मन ठिकाणावर नव्हतं, एवढंच. तिने निगेटिव्ह काढून उलटवली आणि नवा कागद हातात घेतला.

तो कागद तिच्या हातातच राहिला.

इस्त्रीचा पांढरा शर्ट. कपाटातला. खिसा कुठे होता...

ती तशीच बाहेर धावली. आत्याने काहीतरी विचारलं, ते तिला ऐकू आलं नाही. गॅलरीचं कुलूप काढताना किल्ली दोनदा पडली. मौनीच्या चौकटीसमोर ती उभी राहिली आणि पहिल्यांदा तिने चेहरा सोडून शर्टाकडे पाहिलं. खिसा उजवीकडे होता. बटणांची पट्टी पुरुषाच्या शर्टाला असते त्याच्या उलट बाजूने लागलेली होती. प्रदर्शनाच्या आधीचे ते घाईचे दिवस तिला आठवले, झोप न झालेले, एकामागून एक चेहरे छापलेले. इतक्या लोकांनी हा फोटो बघितला. तिनेच रोज पुसला, आणि त्यावर भरवसा ठेवून वण प्रत्यक्षात कधी ताडून पाहिला नाही. एकालाही दिसलं नाही, कारण सगळे डोळ्यांकडे बघत होते.

म्हणजे खरा वण डाव्या भुवईवर होता.

बंगल्यावरच्या वॉर्डनबाईंनी फोन उचलला तेव्हा मागे गाडीचं इंजिन घरघरत होतं.

"ताई, हॉस्पिटलचा माणूस आलाय मौनीला न्यायला. तुमची सही आहे, मी काय करू?"

"थांबवा त्याला. मौनीचा वण कुठल्या भुवईवर आहे?"

"डाव्या. का हो?"

तिचे डोळे भरून आले. "फोन द्या त्यांना."

न्यायला आलेला माणूस नम्र होता पण हलणारा नव्हता. एकदा सही झाली की ताबा त्यांचा, आता घरची दोन माणसं समोर उभी राहिली तरच थांबवता येईल, असा नियम. नाहीतर तिकडे नाव लागल्यावर अर्ज करा, महिनोन्‌महिने जातात पण मिळतं. मला दिवस मावळायच्या आत पोचायचंय, तो म्हणाला.

वॉर्डनबाईंनी फोन परत घेतला आणि आवाज खाली आणला. "तुम्ही या ताई. मी बघते काय करायचं ते."

लिफ्टवाला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका ऑफिसच्या इमारतीत काम करत होता, तिथली लिफ्ट रविवारीच बंद ठेवून उघडता येते म्हणून. ती जिने चढत गेली तेव्हा वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि त्या काळ्या पोकळीत, लिफ्टच्या टपावर, तो गुडघ्यांवर बसून काहीतरी आवळत होता. तिला बघून तो खुलला.

"फोटो आणलात?"

"मी चुकले," ती म्हणाली. धाप लागल्यामुळे शब्द तुटत होते. "मौनीचा फोटो... मी उलटा छापला. निगेटिव्ह उलटी बसली. वण डाव्या भुवईवर आहे. आत्ता वॉर्डनबाईंना विचारलं."

पाना त्याच्या हातातून सुटला आणि खाली कुठेतरी खोल जाऊन आपटला. 

"माझे नाही बोलत, म्हणालात काल."

"हो."

"मी पायरीवर बसून चहा पीत होतो रोज. त्याच्या फोटोपासून चार हातांवर." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आणि तो तिथे—"

"गाडी आलीय त्याला न्यायला. घरची दोन माणसं लागतात. आईंना घेऊ आणि—"

"आईला नाही." तो एकदम म्हणाला. "आईला नेणार नाही मी. आणि मीही... कशावरून तोच? डाव्या भुवईवर वण असलेले दहा सापडतील. मी जाणार, बघणार, तो नसणार, आणि मग संध्याकाळी घरी जाऊन आईसमोर जेवायला बसणार. माझ्यानं नाही होत आता."

तो खरंच बसून राहिला, टपावर, हेल्मेट घातलेला एवढा मोठा माणूस. ती उंबऱ्याशी गुडघे टेकून बसली आणि पहिल्या दिवशी त्याने केला होता तसा हात आत केला.

"चूक माझी आहे. ती तुम्ही भोगू नका. चला."

"आणि तो नसला तर?"

"तर मी तुमच्याबरोबर परत येईन. तुमच्या घरी. आईंसमोर जेवायला आपण दोघं बसू."

त्याने वर पाहिलं. त्या नजरेत राग होता, भीती होती आणि आणखीही काहीतरी. ते नीट बघायला वेळ नव्हता. त्याने तिचा हात धरला आणि वर आला.

वाटभर तो रस्त्याकडेच बघत होता. त्याची व्हॅन हत्यारांच्या खडखडाटाने भरलेली, काचेवर बारीक पावसाची भुरभुर, आणि प्रत्येक सिग्नल लाल. ती मधेमधे वॉर्डनबाईंना फोन लावत होती आणि कोणी उचलत नव्हतं. एकदा ती म्हणाली, "काहीतरी बोला. ओरडा हवं तर."

"आमच्या घरात ओरडत नाहीत," तो म्हणाला आणि पुन्हा रस्त्याकडे बघत राहिला.

बंगल्याच्या फाटकात गाडी अजून उभी होती. न्यायला आलेला माणूस कपाळाला हात लावून पायरीवर बसला होता आणि वॉर्डनबाई ओलीचिंब होऊन बागेतली झुडपं हलवून हलवून बघत होत्या.

"बूट सापडत नाहीये हो," त्या मोठ्याने म्हणाल्या. "एकच आहे. एका बुटावर कसा पाठवू माणसाला?" आणि तिच्या जवळून जाताना हळूच, "धुण्याच्या बादलीत आहे. खाली."

मौनी व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. एका पायात बूट, दुसरा पाय नुसता मोजा घातलेला. तो त्या मोज्याकडे बघत होता.

लिफ्टवाला फाटकातच थांबला.

"मी आहे," ती म्हणाली.

तो गेला. बाकासमोर वाकला. डाव्या भुवईवरचा वण आता स्पष्ट दिसत होता. दाढीत पांढरे केस होते, गाल बसलेले होते. "दादा," तो म्हणाला. मौनीने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, आणि पुन्हा मोज्याकडे बघायला लागला.

"दादा, मी आहे रे."

पाऊस व्हरांड्याच्या पत्र्यावर वाजत होता. न्यायला आलेला माणूस उठून उभा राहिला. लिफ्टवाल्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. हे सगळं तिने केलं होतं, पुन्हा एकदा त्याला एका चेहऱ्यासमोर आणून उभं केलं होतं.

तो उठला. उठताना आधारासाठी म्हणा किंवा निरोप म्हणून म्हणा, त्याने मौनीच्या पाठीवर हात ठेवला, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहात सपाट.

मौनीने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली.

"हळू रे," तो म्हणाला. आवाज गंजलेला होता. "हळू, ढकल्या."

लिफ्टवाल्याचा हात तसाच पाठीवर होता. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने भावाच्या पायांवर डोकं ठेवलं, बुटावर आणि मोज्यावर, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मौनी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिला. काळजीच्या सुरात त्याने विचारलं, "आई रागावली का रे? दूध मिळालं नाही अजून."

वॉर्डनबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. न्यायला आलेल्या माणसानेही नाक शिंकरलं, पण नियम तो नियम. "घरची दोन माणसं लागतात," तो जरा ओशाळूनच म्हणाला. "हे भाऊ झाले. दुसरं कोण?"

"आई आहे. आणतो तिला."

"तेवढा वेळ नाही हो माझ्याकडे."

लिफ्टवाल्याने डोळे पुसले आणि तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा नीट पाहिलं. "मग ह्या आहेत."

"ह्या संस्थेच्या. संस्थेचं माणूस चालत नाही. नातं लागतं."

"नातं आहे," ती म्हणाली. पाठीमागे हात घट्ट बांधून ती शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिली आणि मौनीकडे बघून म्हणाली, कारण लहान भावाकडे बघून तिला ते म्हणताच आलं नसतं, "ह्यांची मी... होणारी भावजय."

न्यायला आलेल्या माणसाने लिफ्टवाल्याकडे वळून पाहिलं. "खरं का?"

तो कानापर्यंत लाल झाला होता. डोळ्यांत अजून पाणी होतं.

"मला आत्ताच कळतंय," तो म्हणाला. "पण खरं आहे."

त्या माणसाने एक सुस्कारा सोडला, कागद घडी करून खिशात घातला आणि वर कोणी विचारलं तर तुमचं नाव सांगेन, असं बजावून गाडीकडे गेला. गाडी फाटकाबाहेर वळताच वॉर्डनबाई बूट घेऊन आल्या, ठिबकणारा. "सापडला," त्या म्हणाल्या.

लिफ्टवाला तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघांमध्ये वीतभर अंतर होतं आणि दोघंही पावसाकडे बघत होती.

"मी अजून रागावलोय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तो माझा उलटा फोटो... फेकून नाही ना दिला?"

"बाथरूममध्येच आहे. सरळ छापून देते."

"नको. आरशात मी तसाच दिसतो. तो तुम्ही ठेवा." त्याने तिच्या बोटांत बोटं गुंतवली. "सरळ मी आहेच."

त्याने फोन काढला. आईचा नंबर लावताना त्याचा अंगठा दोनदा चुकला. पलीकडून आवाज येताच तो म्हणाला, "आई, एकाशी बोल जरा," आणि त्याने फोन दादाच्या हातात दिला. दादाने तो बोलायची बाजू वर आणि ऐकायची बाजू खाली असा उलटाच धरला आणि नुसता बघत राहिला. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली, त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून तिने फोन हळूच फिरवला, सरळ केला आणि त्याच्या कानाला लावला.